हृदयातील मीठ-चुन्याची देवघेव

श्रोतेहो, गोंदियाकडे धानाच्या बांधीला धुरा असतो. पाणी किती घ्यावे, किती सोडावे, यावर पीक ठरते. आपल्या हृदयाच्या प्रत्येक पेशीभोवतीही असाच एक पातळ पडदा आहे.

मिठातले सोडियम आणि चुन्यातले कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण या पडद्यातून ये-जा करतात. कॅल्शियम आत आले की हृदय आवळते, हटले की सैल पडते. त्यातले बरेचसे पेशीतल्याच कोठारात परत जाते. उरलेले बाहेर काढायला पडद्यात देवघेवीचे दार आहे: सोडियमचे 3 कण आत, कॅल्शियमचा 1 बाहेर. रॉयटर आणि झाइट्स यांनी 1968 मध्ये ही देवघेव हृदयात दाखवली. आत आलेले सोडियम दुसरा एक पंप उपसून टाकतो.

हा पंपच अडला तर? कुंपणाची लाल कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे विष नेमके हेच करते. सोडियम साचते, देवघेव मंदावते, कॅल्शियम वाढते आणि ठोके मंद, वेडेवाकडे पडू लागतात. डिगॉक्सिन हे औषध याच वाटेने थकलेल्या हृदयाला जोर देते. पण तिथे मात्रा डॉक्टर मोजून देतात, बरे का!

गुरुजी, बाई, शाळेच्या आवारातली बिट्टी मुलांना ओळखायला शिकवा. कुणी बी खाल्लेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. मूल खेळत असले तरी ठोके काही तासांनी बिघडू शकतात. 108 ला फोन करा, झाडाचा तुकडा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.