शरीरांतील वीज : व्यायाम आणि सुई

मनुष्याच्या शरीरांत वीज आहे हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. परंतु तिच्यावांचून हृदयाचा एक ठोकाहि पडणार नाहीं. इटलींतील गॅल्व्हानी यांनीं बेडकाच्या स्नायूंवरील आपले प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले. पुढें आइंथोव्हेन या डच शास्त्रज्ञास हृदयाच्या विजेचा आलेख काढण्याच्या युक्तीबद्दल १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ही वीज घरांतील तारांतल्या विजेहून निराळी. पेशीच्या आंत पोटॅशियमचे व बाहेर सोडियमचे भारित कण अधिक असतात. त्यांच्या योगानें स्नायूंच्या व मज्जातंतूंच्या पेशींत आंतबाहेर सुमारें ७० ते ९० मिलिव्होल्टांचा फरक राहतो. संदेश येतांच सोडियम आंत शिरतो, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतो आणि स्नायु आकुंचन पावतो. व्यायाम म्हणजे अशा संदेशांची झोड. तालमीच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत दंड फुगलेला दिसत नाहीं, तरी जोर वाढतो. याचें मुख्य कारण मज्जातंतूंची आज्ञा सुधारते हें होय.

व्यायामाचा दुसरा परिणाम कातडीवर होतो. कोरड्या कातडीचा विद्युत्‌रोध लाखभर ओहम असूं शकतो. तीच भिजली कीं तो हजाराच्या घरांत येतो. घामांतील मीठ विजेस वाट करून देतें. भीतीनें किंवा उत्कंठेनें फुटलेला सूक्ष्म घामहि तेंच करतो. भावनेबरोबर हा रोध पालटतो असें फेरे या फ्रेंच वैद्यांनीं १८८८ सालीं दाखविलें.

आतां सुईकडे वळूं. चीनच्या सूचिवेधांतील बिंदूंचें विजेशीं नातें आहे काय? जपानचे नाकातानी यांना १९५० च्या सुमारास कातडीवर कमी रोधाचे बिंदु आढळले, आणि बिंदु मोजणारीं यंत्रें निघालीं. परंतु यंत्राची कांडी जरा जोरानें दाबली, कातडी ओलसर असली, किंवा ती तेथें पातळ असली, तरी आंकडा उतरतो. २००८ सालीं अशा प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हां निर्णायक पुरावा मिळाला नाहीं. सुई टोंचल्यावर रोध घटतो यांतहि गूढ नाहीं. ती कातडीचा वरचा कोरडा थर भेदून आंतील खारट ओलाव्यास भिडते.

म्हणून तळहातावर कांडी टेकवून यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा रोग सांगणाऱ्या यंत्रावर विसंबून डॉक्टरी तपासणी लांबणीवर टाकूं नये. तो आंकडा बहुधा घामाचाच असतो. आणि व्यायामानंतर घामेजल्या हातानें विजेच्या बटणास स्पर्श करूं नये. शरीराची वीज मिलिव्होल्टांची, तर भिंतींतील २३० व्होल्टांची, हें श्रोत्यांनीं विसरूं नये.