सोबत्यांचे सुतक आणि उपनगरांचा रॅप

सुतक भाऊबंदांना लागते आणि दहाव्या-तेराव्याला कोणी काय करायचे हे नात्यावरून ठरते. मित्राला मात्र या साऱ्या व्यवस्थेत नेमून दिलेली जागा नाही, आणि गाव सोडून शहरात आलेल्या ज्या कुटुंबांची निम्मी भिस्त शेजाऱ्यांवर आणि सोबत्यांवर असते त्यांच्या मुलांना ही उणीव अधिकच जाणवते. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईत आणि ठाणे, कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या तिच्या विस्तारात रुजलेल्या रॅप संगीताकडे या बाजूने पाहिले, तर शोक, मैत्री आणि परकेपण हे तीन विषय तेथे एकमेकांत इतके का गुंतलेले असतात याचा उलगडा होऊ लागतो.

रॅप म्हणजे ठेक्यावर, सुरांपेक्षा यमक आणि लय यांच्या बळावर म्हटलेली कविता. ती ज्या हिप-हॉप संस्कृतीचा भाग आहे तिचा आरंभ 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झालेल्या एका घरगुती समारंभापासून मोजण्याचा प्रघात असून, त्या रात्री तबकड्या वाजवणारा डीजे कूल हर्क हा वयाच्या बाराव्या वर्षी जमैकातून आलेला स्थलांतरित होता. मित्राचा शोक करण्याची रीतही या संगीतात लवकरच पडली: ट्रॉय डिक्सन हा नर्तक 1990 मध्ये अपघाताने गेल्यानंतर पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या जोडीने 1992 मध्ये त्याच्या स्मृतीला वाहिलेले गीत आजही या प्रकारातील आदर्श मानले जाते.

ठाणे जिल्ह्याची जडणघडण पाहता असे संगीत येथे रुजले यात नवल नाही. 16 एप्रिल 1853 रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोहोचली, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची कल्याणजवळची छावणी उल्हासनगर झाली, आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे 1 कोटी 10 लाख वस्तीचा हा जिल्हा, पालघर त्यातून वेगळा होण्यापूर्वी, देशात सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा ठरला. कोकणी, देशस्थ, गुजराती, मल्याळी, उत्तर भारतीय असे सारेच येथे कधी ना कधी बाहेरून आले, आणि ज्यांच्या जमिनींवर या वसाहती उभ्या राहिल्या ते आगरी, कोळी आणि वारली आपल्याच गावात अल्पसंख्य झाले, ही बाजू स्थलांतरितांच्या कौतुकात बहुधा झाकली जाते.

कल्याणमध्ये वाढलेली मल्याळी कुटुंबातील दीपा उन्नीकृष्णन ही डी एमसी या नावाने इंग्रजीत आणि हिंदीत रॅप करते. एमसी म्हणजे हाती ध्वनिक्षेपक घेऊन मैफल पुढे नेणारा सूत्रधार. या क्षेत्रात मुली तुरळक असताना ती पुढे आली, 2019 च्या ‘गली बॉय’ चित्रपटात छोट्या भूमिकेत दिसली आणि त्याच वर्षी तिचा ‘डी = एमसी²’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. घरची भाषा एक, शहराची दुसरी, शाळेची तिसरी आणि गाण्याची चौथी, ही कल्याण-डोंबिवलीतील असंख्य मुलांची स्थिती आहे. त्यात रॅपचे शिक्षण सायफरमध्ये, म्हणजे गोलात उभे राहून एकामागून एकाने कडवे म्हणण्याच्या बैठकीत होत असल्याने, या मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करावा लागतो आणि परतताना शेवटच्या लोकलकडे लक्ष ठेवावे लागते. मुलीच्या बाबतीत ही अट किती जाचक असते हे वेगळे सांगायला नको.

मैत्री आणि शोक यांचा धागा मात्र सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘स्वदेशी’ या मुंबईच्या पथकात, ज्याला या क्षेत्रात क्रू म्हणतात. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांत एकाच गीतात आळीपाळीने कडवी म्हणणाऱ्या या पथकातील धर्मेश परमार, ऊर्फ एमसी तोडफोड, हा गुजरातीत लिहीत असे. मृदंगमवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात त्याने आणि एमसी मवाली याने कर्नाटक संगीतातील कोन्नकोल, म्हणजे तबल्याच्या पढंतीप्रमाणे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची कला, रॅपशी जोडली, आणि ‘गली बॉय’मधील ‘इंडिया 91’ या गीतातही त्याचा आवाज आहे. ‘ट्रूथ अँड बास’ हा त्याचा संग्रह मार्च 2022 मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याचा अखेरचा कार्यक्रम पथकाच्याच ‘स्वदेशी मेळा’ या मेळाव्यात झाला होता.

ज्या गीतात चौघांची कडवी ठरलेली आहेत त्यातला एक गेला, की मंचावर त्याची पाळी आल्यावर काय करायचे, ते कडवे दुसऱ्याने म्हणायचे, ध्वनिमुद्रित आवाज लावायचा की ठेका तसाच मोकळा वाजू द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगाला नव्याने उभा राहतो. सुतकाला दिवसांची मर्यादा असते; या शोकाला ती नाही.

या संगीताला परदेशी नक्कल म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्याकडे पाहावे. वाटेगावहून लहानपणी पायी मुंबईला आलेल्या अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घरापासून तुटलेल्या कामगाराच्या विरहाने सुरू होऊन संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाच्या व्यथेपर्यंत जाते. ‘स्वदेशी’ने आरेतील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह 2019 मध्ये केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ त्याच वळणाचे असून, त्याच्या नावातच गोदावरी परुळेकर यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात संघटित केलेल्या वारल्यांच्या लढ्याची आठवण आहे. तरीही दोन्ही परंपरा एकच आहेत असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण शाहीर आपले नाव अखेरच्या कडव्यात घालतो आणि रॅपर बहुधा पहिल्यातच. त्या आत्मप्रौढीने पुष्कळसा रॅप कंटाळवाणा होतो हेही खरे आहे.

ज्या वाचकांना हे संगीत नवे आहे त्यांनी प्रथम ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकावे, मग ‘ट्रूथ अँड बास’ आणि त्यानंतर डी एमसीची गाणी. शब्द पहिल्या वेळी हाती लागणार नाहीत, म्हणून प्रत्येक गीत निदान दोनदा ऐकावे.