पाणी मुरतं ते इथेच

गाडीच्या छताच्या कापडावरचा भाग आज द्यायचा होता. तो पुढे ढकलतो. मागच्या शनिवारी आपण मागची सीट उपसून बाहेर काढली आणि तिथेच थांबलो, तर लगेच जयनगरच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं. बेळगावहून परतताना हुबळीच्या पुढे ताकाची बाटली सीटवर लवंडली. घरी आल्यावर तीनदा शाम्पूने धुतलं. कापड कोरं दिसतं, पण दार उघडलं की आंबूस भपकारा येतोच. ‘सीटच बदलू का?’

बदलू नका. पण चौथ्यांदा धुऊही नका, कारण घोळ धुण्यानेच वाढलाय. वरचं कापड पातळ. खाली फोमची जाड लादी, म्हणजे भलामोठा स्पंजच. प्रत्येक धुण्याने ताक आणखी खोल ढकललं गेलं. त्यातली चरबी कुजली की ब्युटिरिक आम्ल तयार होतं. खवट तुपाचा वास आठवा, तोच हा. फोम सुकला की जिवाणू गप्प बसतात, दमट हवा लागली की पुन्हा कामाला लागतात. म्हणून पावसाळ्यात वास जास्त.

आधी मात्र सीटखालचा गालिचा उचलून बघा. सीटची बैठक मागच्या बाजूला उतरती असते. सांडलेलं ताक पाठीच्या फटीत जातं आणि तिथून खाली गालिच्याच्या नमद्यात. कित्येकदा सीट बिचारी निर्दोष असते आणि वास नमद्याचा असतो. तिथेच एखादं गोल किंवा चौकोनी झाकण दिसलं तर त्याला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत त्याखाली टाकीतला फ्युएल पंप असतो.

आता उपाय. गरम पाणी अजिबात नको. दुधातली प्रथिनं उष्णतेने धाग्यांना घट्ट चिकटतात. एन्झाइमवालं क्लीनर गार पाण्यात कालवून स्प्रे बाटलीने मारा, वर ओला पंचा टाका आणि अर्धा तास विसरून जा. एन्झाइमला वेळ लागतो, आणि जागा वाळली की त्याचं काम थांबतं. मग ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने खेचून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर कोरडे टॉवेल अंथरा आणि त्यावर गुडघ्यांनी भार द्या. वर साधं पाणी फवारून पुन्हा खेचा. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतायचा सल्ला सगळे देतात. फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि वास तसाच राहतो.

या सगळ्याला तीन-चार लिटर पाणी पुरतं. बेंगळुरूत हा हिशेब महत्त्वाचा आहे. मार्च २०२४च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली होती आणि दंड ठेवला होता ५,००० रुपये.

मी स्वतः हे शहाणपण उशिरा शिकलो. एका ऑगस्टमध्ये सीट गच्चीवर नेऊन सरळ पाइप लावला होता. लिफ्टमध्ये सीट मिठीत घेऊन उभा, तर वॉचमनने काळजीने विचारलं, ‘मने खाली माड्तिद्दीरा, सार?’ घर खाली करताय का! खरी फजिती पुढेच होती. आपलं शहर ९०० मीटरहून उंच, हवा गार, आणि ऑगस्टमधलं ऊन नावापुरतं. चार दिवसांनी कापड खडखडीत वाळलं म्हणून सीट बसवली. आठवड्याभरात गाडीला ओल्या कुत्र्याचा वास.

तेव्हा कापडावर विश्वास ठेवू नका. सीट दोन विटांवर कडेने उभी करा, मागून पंखा सोडा, किमान दोन रात्री. मग खालच्या उघड्या फोमवर टिश्यू ठेवून तळव्याने जोरात दाबा. टिश्यू ओलसर झाला तर आणखी एक रात्र. हे काम मार्चमध्ये निम्म्या वेळात होतं.

एक अपवाद. सप्टेंबर २०२२मध्ये बेळ्ळंदूर-सर्जापूर रोडकडे गाड्या पुरात बुडाल्या, तसं गटारमिश्रित पाणी फोमात शिरलं असेल तर स्वच्छतेचा नाद सोडा. जे. सी. रोडला सीटची कामं करणारे बसलेत, त्यांच्याकडून नवा फोम घालून घ्या.

बाई, टिश्यू कोरडा निघाला की सीट बसवा, पण त्याआधी बेल्टची बकलं फटीतून वर ओढून घ्या. नाहीतर दोन्ही बाजूंचे हुक ‘खट्’ बसल्यावर बकलं खाली राहिल्याचं ध्यानात येतं, आणि सगळी सीट पुन्हा उपसावी लागते.