शिरूरचा सत्पुरुष आणि यवतचे पिठले

घोड नदीच्या काठचे शिरूर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी म्हणून दप्तरात दाखल झाले, आणि १८१८ च्या पहिल्या दिवशी कोरेगावास लढलेली पलटणही येथूनच निघालेली होती. तथापि प्रवाशाचे कुतूहल विशेष जागृत होते ते १८०९ साली निवर्तलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्यापाशी, कारण या परधर्मी अंमलदारास आसपासच्या रयतेने सत्पुरुष मानून, सुगीतील पहिल्या धान्याचा नैवेद्य त्यास अर्पण करण्याचा प्रघात पाडल्याची नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात आहे. राज्यकर्त्यांना शिव्याशाप देणाऱ्या आमच्या कुणब्याने त्यांच्यापैकीच एकाला देवपण द्यावे, याचे मला तरी नवल वाटत नाही. गावाची श्रद्धा वंशावळ तपासत बसत नाही.

याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आणि पाबळला मस्तानीची कबर आहे.

शेजारचे दौंड हे रेल्वेचे जंक्शन खरे, पण त्या तालुक्याचे अंतःकरण पाहावयाचे तर आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामास येते त्या दिवशी जावे. त्या दिवशी घरोघरच्या चुली भाकऱ्यांसाठी पेटतात, काळभैरवनाथाच्या देवळाशी मोठाल्या कढयांत पिठले रटरटते, आणि भुकेला वारकरी कोणत्या गावचा वा कोणत्या दिंडीचा, हे कोणी विचारीत नाही. ‘माउली, अजून घ्या’ एवढाच आग्रह मात्र शेवटच्या पंक्तीपर्यंत चाललेला असतो.