चंद्रभागेतून सुटलेली बाटली

सोलापूरच्या माणसाला समुद्र म्हटलं की कोकण आठवतं. पाण्याची वाट मात्र उलट्या दिशेची. पंढरपुरात चंद्रभागेत, म्हणजे भीमेत, टाकलेली बाटली वाहिलीच, तर हत्तरसंग-कुडलच्या संगमावर तिला सीना भेटते. पुढे कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात उतरते.

पण ‘वाहिलीच, तर’! वाटेत जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला आणि विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज आहे. धरणाचा दरवाजा थोडा उचलला की पाणी खालून सुटतं आणि तरंगणारं वरच्या अंगाला साचतं. ऑक्टोबर २०२० सारखा महापूर आला तरच हा अडसर सैल होतो. जगभरच्या नद्यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सुचवतो: समुद्रात जाणारं प्लास्टिक मुख्यतः किनाऱ्यालगतच्या शहरांतल्या आखूड नद्या नेतात. आपल्याकडे त्यात मुंबईजवळची उल्हास येते.

नदीतल्या बाटलीचा खरा माग गंगेत काढला गेला. संशोधक एमिली डंकन आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या २५ बाटल्यांत मागोवा घेणारी यंत्रं बसवून त्या गंगेत आणि बंगालच्या उपसागरात सोडल्या. नदीत मोबाईलचे मनोरे कामी आले, समुद्रात उपग्रह. नदीतल्या बाटल्या थांबत, अडकत, टप्प्याटप्प्याने सरकल्या. समुद्रातल्या कुठच्या कुठे गेल्या. सर्वांत लांबचा प्रवास ९४ दिवसांत २,८४५ किलोमीटरचा.

समुद्रात वस्तू कुठे जाईल, हे तिचा किती भाग पाण्याबाहेर आहे त्यावर ठरतं. झाकण घट्ट असलेली रिकामी बाटली वाऱ्याच्या हातात जाते, अर्धी भरलेली प्रवाहाच्या. झाकण निघून ती पुरती भरली, तर बुडतेच. बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं. झाकणाचं हलकं, त्यामुळे पुढचा प्रवास ते एकटंच करतं. समुद्रात हरवलेली माणसं आणि नावा शोधायला हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था असंच गणित वापरते: वारा, प्रवाह आणि वस्तूचा प्रकार दिला की वाहत जाण्याचा संभाव्य पट्टा नकाशावर उमटतो.

आपल्या समुद्रांत या गणिताला मोसमी वाऱ्यांचा पेच आहे. प्रशांत महासागरात कचरा एका प्रचंड भोवऱ्यात वर्षानुवर्षं फिरत राहतो. आपल्याकडे वारे ऋतूगणिक उलटतात, म्हणून उत्तर हिंद महासागरात तसा कायमचा पट्टा टिकत नाही. बराचसा कचरा किनाऱ्यावर येऊन पडतो. मग आपली बाटली कुणाच्या दारात जाईल? ऑक्टोबरच्या पुरात बाहेर पडली तर पूर्व किनाऱ्याचा प्रवाह तिला दक्षिणेकडे, तमिळनाडूच्या दिशेने ओढतो. मार्चमध्ये निसटली तर प्रवाह उत्तरेचा, म्हणजे ओडिशाकडे. पण मार्चचा हिशेब बहुधा कागदावरच राहतो. तोवर धरणं आणि कालवे कृष्णेचं इतकं पाणी पिऊन बसलेले असतात की समुद्रापर्यंत जायला फारसं उरतच नाही.