पोलीस पाटलाला ठाऊक असलेला खजिना

मे २००० पर्यंत साध्या माणसाच्या हातातले जीपीएस यंत्र मुद्दाम चुकवलेले असे. उपग्रह अमेरिकी लष्कराचे, आणि नागरी संदेशात ते हेतुपुरस्सर गोंधळ घालत. त्यामुळे दाखवलेली जागा शंभरेक मीटरपर्यंत हुकायची. २ मे रोजी हा गोंधळ बंद झाला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधा, वहीत नाव लिहा, काही घ्या, काही ठेवा, इतकाच नियम. त्यातून निघालेल्या जिओकॅशिंगच्या छंदात आज जगभर तीस लाखांहून अधिक ठेवी लपवलेल्या आहेत.

खेळ असा चालतो. ठेवणारा पाणी न शिरणारी डबी निवडतो, तिच्यात वही घालतो आणि जागेचे आकडे संकेतस्थळावर पाठवतो. तिथले स्वयंसेवक परीक्षक ते तपासतात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, डबीसाठी परवानगीविना खड्डा खणलेला नको, आत खाण्याचे काही नको, जागेच्या मालकाची परवानगी हवी. शोध किती अवघड आणि वाट किती कठीण, याला एक ते पाच असे वेगवेगळे गुण दिलेले असतात. नवख्याने दोन्हीकडे एक-दीड गुण असलेल्या ठेवीपासून सुरुवात करावी.

आकडे अंश आणि मिनिटांत दिलेले असतात, मिनिटांपुढे तीन दशांश स्थळे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणून शेवटचा आकडा एकाने बदलला की जागा पावणेदोन-दोन मीटर सरकते. मोबाइल मात्र मोकळ्या आभाळाखालीही पाच-दहा मीटर इकडे-तिकडे दाखवतो, आणि सुपारीच्या दाट वाडीत त्याहून जास्त. यंत्र वाडीपर्यंत नेते. कोणत्या झाडाच्या बुंध्याशी पाहायचे हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. छंदाची खरी गंमत या शेवटच्या दहा मीटरांत आहे. जिथून माणसे रोज न पाहता जातात, ती जागा इंचाइंचाने पाहावी लागते.

आता हा खेळ आगरदांड्याला आणून पाहू. मुरूड तालुक्यातले हे गाव राजपुरी खाडीच्या काठी आहे. ७३ अंशांची रेखांशरेषा इथून जवळूनच जाते. पलीकडच्या दिघीला गाड्यांसकट माणसे नेणारी फेरीबोट इथून सुटते. मुरूडहून येताना वाटेत खोकरीचे सिद्दी नवाबांचे घुमट लागतात, राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात आणि काठाकाठाने कांदळवन आहे. खेळाडूला ही जागा खुणावणारच. पण इथले धोके नीट समजून घ्यायला हवेत.

पहिला धोका समुद्राचा. ओहोटीला चालत गाठलेल्या खडकावरून भरतीत परतता येत नाही. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी अधिक चढते आणि अधिक ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, फरक कमी. शोधाला ओहोटी लागल्यावर निघावे आणि पाणी वळण्याआधी परतावे. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा किनाऱ्यावरचे खडकही शेवाळाने निसरडे होतात.

दुसरा धोका दगडांतला. जांभ्याचा गडगा डबी लपवायला उत्तम वाटतो, पण फुरशालाही तो तितकाच आवडतो. आत काय आहे ते दिसल्याशिवाय भोकात हात घालू नये. आधी काठीने चाचपावे, बंद बूट घालावेत, अंधारात शोध घेऊ नये. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळणे यांतले काहीही न करता, तो भाग न हलवता, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचावे.

तिसरा धोका या किनाऱ्याच्या आठवणींचा आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांआधी याच पट्ट्यात दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे-स्फोटके उतरवली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली एक बेवारस नौका लागली, तेव्हा राज्यभर सावधगिरीचा इशारा गेला. ती बिघाडामुळे सोडून दिलेली नौका भरकटत आल्याचे नंतर कळले. अशा ठिकाणी धक्क्याच्या कठड्याखाली चिकटपट्टी गुंडाळलेली डबी सापडली, तर गावकरी पोलिसांना कळवतील आणि पोलीस परिसर रिकामा करतील. दोघांचेही वागणे बरोबरच असेल.

म्हणून इथल्या शिष्टाचारात गुप्ततेची जागा बदलते. परदेशी बागेत डबी येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून लपवायची असते. इथे ती खेळाडूपासून लपवावी, गावापासून नाही. वाडीमालकाला विचारावे, ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलाला जागा दाखवावी. डबी पारदर्शक असावी आणि तिच्यावर हा खेळ आहे, आत वही आहे, असे ठळक मराठीत लिहिलेले असावे. धक्का, बंदर, फेरीबोट आणि देवळाचे आवार पूर्ण वर्ज्य. जंजिरा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्या भिंतीतला चिरा हलवणे हा खेळ नाही, गुन्हा आहे. जवळच्या फणसाड अभयारण्यात आणि कांदळवनात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही ठेवू नये.

शोधणाऱ्याचेही नियम आहेत. डबी होती तशी, होती तिथेच परत ठेवावी. एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोडीची ठेवावी. गडग्याचा दगड काढला तर पुन्हा बसवावा. कुणी विचारले तर कावरेबावरे न होता मोबाइल दाखवून खेळ समजावून सांगावा. नोंदीत जागेचे गुपित फोडू नये, पण डबी फुटली किंवा वही भिजली असेल तर जरूर लिहावे. त्यावरून ठेवणारा दुरुस्तीला येतो. येताना आसपासचा कचरा उचलून आणायची प्रथाही या खेळाडूंत आहे.

पण या किनाऱ्याला सर्वात शोभणारा प्रकार बिनडबीचा आहे. २००४ पासून ‘अर्थकॅश’ नावाच्या ठेवी सुरू झाल्या. तिथे वस्तू काहीच नसते. जागेवर जाऊन भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे शोधायची आणि ती ठेवणाऱ्याला पाठवायची. आगरदांड्याच्या परिसरात असे प्रश्न जागोजाग आहेत. काठावरचा खडक काळा बेसाल्ट, मग वरच्या सड्यावर तांबडा, भोकाभोकांचा जांभा का? खडकावरच्या कालवांची वरची रेघ ओहोटीच्या पाण्यापासून किती उंच आहे, आणि त्यावरून भरती किती चढते असे दिसते? खाडीचे तोंड नदीच्या मानाने एवढे रुंद कशामुळे? जाणकाराला कदाचित पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरी बसून देता येईल, दुसऱ्यासाठी मात्र पाणी ओसरलेले असताना तिथे उभेच राहावे लागते.

अशी ठेव माकड पळवत नाही, पावसात भिजत नाही आणि कुणाला घाबरवत नाही. पहिली ठेव मांडू पाहणाऱ्याने एखाद्या रविवारी ओहोटीच्या वेळी काठाने फिरावे, तीन प्रश्न लिहून काढावेत आणि ते आधी गावातल्याच शाळकरी मुलांना घालून पाहावेत. त्यांना ज्याचे उत्तर चटकन आले तो प्रश्न वगळावा आणि ज्यावर त्यांचे भांडण झाले तो ठेवावा.