जुन्या रेडिओंतील रंगीत कांड्या

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विजेची जोडणी काढल्यावरहि त्यांतील कंडेन्सरांत प्राणघातक विद्युत् सांठून राहूं शकते. ती जाणकाराकडून आधीं उतरवून घ्यावी.

१९३० नंतरच्या दशकांतील अमेरिकन रेडिओंत पुष्कळदां अंक नसलेल्या रंगीत कांड्या आढळतात. त्या शोभेच्या नव्हेत. ते विद्युत्प्रवाहाला अडविणारे रोधक होत, आणि त्यांचें मूल्य रंगांनींच लिहिलेलें असतें. आजच्या रोधकावरील पट्टे एका टोंकाकडून क्रमानें वाचतात. येथें क्रम निराळा. अंगाचा रंग हा पहिला अंक, टोंकाचा दुसरा, व मधला ठिपका पुढील शून्यें दर्शवितो. अंग हिरवें म्हणजे ५, टोंक काळें म्हणजे ०, ठिपका नारिंगी म्हणजे तीन शून्यें; एकूण ५०,००० ओहम. ठिपका दिसत नसल्यास तो अंगाच्याच रंगाचा समजावा. सोनेरी किंवा रुपेरी टोंक केवळ अचूकतेची मर्यादा सांगतें.

मग मीटरनेंच कां मोजूं नये? अवश्य मोजावें, परंतु वयोमानानें रोधकाचें मूल्य बहुधा वाढलेलें असतें. रंग मूळची प्रकृति सांगतो, मीटर आजची. नवा रोधक बसवावयाचा तो रंगानें सांगितलेल्या मूल्याचा. मीटरच्या आंकड्यावर विसंबल्यास जुना दोषच नव्यानें बसविल्यासारखें होईल.